हातगाडीला हब मोटर लावताय? गिअरवाली आणि बिनगिअरची यातला फरक आधी बघा

माल वाहायच्या हातगाडीला किंवा ट्रॉलीला मोटर लावायची म्हटलं की बहुतेक लोक हब मोटरवरच येऊन थांबतात, आणि त्यात काही चूक नाही, चेन नको, पट्टा नको, मोटर चाकाच्या पोटातच बसलेली, जुनं चाक काढा, हे बसवा, वायरी जोडा, झालं काम. घोळ असा आहे की हब मोटर म्हणून दोन पार वेगळ्या वस्तू मिळतात, एक गिअरवाली आणि एक बिनगिअरची, आणि दोन्हींच्या एक्सलमधून तशीच वायर बाहेर येते, दोन्हींना तसाच कंट्रोलर (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा), तसाच थ्रॉटल (वेग कमी-जास्त करायची मूठ). सायकलवर यातली कुठलीही लावा, चालून जातं. हातगाडीवर मात्र चुकीची पडली तर गाडी मोटरवर रिव्हर्स येत नाही, नाहीतर भरलेली गाडी उतारावर हातातून सुटते, आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट.

आत काय असतं ते थोडक्यात. बिनगिअरच्या मोटरमध्ये एक्सल जागेवर घट्ट असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या कॉइल्स, आणि बाहेरच्या कवचाला आतल्या बाजूने चुंबकं चिकटवलेली. करंट गेला की कवच फिरतं आणि कवच म्हणजेच चाक. बेअरिंग सोडलं तर झिजायला काही नाहीच. ही कल्पना जुनी आहे बरं का, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोनर-पोर्शची जी विजेवर चालणारी गाडी होती तिच्या पुढच्या चाकांतही अशाच बिनगिअरच्या मोटरी होत्या.

गिअरवालीत आतली मोटर लहान असते पण ती चाकाच्या साधारण चार-पाच पट वेगाने फिरते, आणि तीन छोटे प्लॅनेटरी गिअर, बऱ्याच वेळा नायलॉनचे, तो वेग कमी करून ताकद वाढवून चाकाला देतात. आणि बहुतेक सायकलवाल्या गिअर मोटरींमध्ये अजून एक भाग असतो ज्याच्याबद्दल विकणारा सहसा बोलतच नाही, तो म्हणजे एकाच बाजूला पकडणारा क्लच. सायकलच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील असतं ना, पायडल थांबवलं तरी चाक फिरत राहतं, अगदी तसंच. सगळी गंमत या क्लचमध्येच आहे, त्याच्याकडे येतोच, आधी ताकदीचं बघू.

समजा गाडी आणि माल मिळून ५०० किलो आहे. सपाट सिमेंटच्या जमिनीवर ती चालती ठेवायला वजनाच्या दोनेक टक्के जोर लागतो असं धरू, म्हणजे १० किलोचा जोर. हे माणूससुद्धा ढकलतो. पण १२ फुटाला १ फूट चढणारा रॅम्प आला की त्यात अजून ४२ किलोच्या आसपास जोर वाढतो, एकूण ५२, म्हणजे ५१० न्यूटनच्या घरात. चाक १० इंची असेल तर त्रिज्या १२.७ सेंटीमीटर, गुणाकार केला की ६५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, दोन चाकांना मोटर असेल तर प्रत्येकी ३२-३३. चालायच्या वेगाने म्हणजे ताशी ४ किलोमीटरने चढायचं तर पॉवर लागते साधारण ५६५ वॅट.

आता लोक इथे फसतात. ३५० वॅटच्या दोन मोटरी घेतल्या, ७०० झाले, ५६५ लागतायत, भरपूर आहे की! पण ते ३५० वॅट कुठल्या वेगाला आहेत हे कोण बघतं? मोटर ३०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३०० फेऱ्यांना, तेवढी पॉवर देत असेल तर तिथे टॉर्क येतो फक्त ११ न्यूटन-मीटर. दोन्हींचे मिळून २२. आपल्याला हवेत ६५. आणि ताशी ४ किलोमीटरला १० इंची चाक मिनिटाला ८० च्या वर थोडंसंच फिरतं, म्हणजे ती मोटर ज्या वेगासाठी बनवलीय त्याच्या जेमतेम पावपट. तिथे बिनगिअरच्या मोटरकडून जास्तीचा टॉर्क काढायचा म्हणजे कॉइलमधून जास्त करंट सोडायचा, आणि करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते, वेग असो नसो. गाडी रॅम्पवर अडकून उभी राहिली आणि तुम्ही थ्रॉटल दाबूनच ठेवलात तर काम शून्य आणि सगळी वीज कॉइल तापवण्यात जाते, थोड्या वेळात कॉइलच्या तारेवरचं इनॅमलचं आवरण जळाल्याचा तो वास येतो जो एकदा आला की मोटर गेली समजा.

गिअरवालीला हा त्रास कमी. गिअर पाच पट असेल तर चाकाच्या ३२ साठी आतल्या मोटरने साडेसहाच न्यूटन-मीटर द्यायचे असतात आणि ती फिरतही असते ४०० च्या वर आरपीएमने, म्हणजे तिच्या सोयीच्या वेगाच्या जवळपास. म्हणून हळू आणि जड कामाला, चढाला, वारंवार थांब-चाल करायला नुसत्या ताकदीवर बघितलं तर गिअरवाली उजवी, वजनालाही हलकी. हो, नायलॉनचे गिअर सततच्या धक्क्याने दात टाकतात आणि आवाज घरघर येतो, पण गिअर बदलता येतात, जळालेली कॉइल परत गुंडाळत कोण बसतं.

मग सरळ गिअरवालीच घ्यावी ना? इथेच तो क्लच आडवा येतो.

क्लचवाली मोटर रिव्हर्सला लावली की आतली मोटर उलटी फिरते, क्लच सुटतो, चाक जागेवर. सायकलला रिव्हर्स लागतच नाही म्हणून तिथे कुणाला पत्ता लागत नाही, पण हातगाडी अरुंद जागेत नेली की निम्मा वेळ मागे-पुढेच करावी लागते. बरं हाताने मागे ओढायची म्हटलं तर चाक उलटं फिरताना क्लच पकडतो आणि तुम्ही गिअरसकट आतली मोटर फिरवत बसता, म्हणजे मोटर नसलेल्या गाडीपेक्षाही जड लागते.

उताराचं बघा आता. भरलेली गाडी पुढच्या तोंडाने उतरतेय, चाक मोटरपेक्षा जोरात फिरायला लागलं, क्लच सुटला, संपलं. मोटरकडून एका पैशाचा ब्रेक मिळत नाही, कंट्रोलरमध्ये तुम्ही काहीही सेटिंग करा. ५०० किलो वजन त्याच रॅम्पवर ३० किलोच्या वर जोराने तुम्हाला पुढे खेचत असतं. बिनगिअरचीत असं होत नाही, चाक आणि चुंबकं एकच असल्यामुळे चाक फिरलं की मोटर जनरेटर होते, कंट्रोलरमध्ये रिजनरेटिव्ह ब्रेक असेल तर गाडी धरून ठेवल्यासारखी सावकाश उतरते. बॅटरी चार्ज होईल म्हणून मात्र हुरळून जाऊ नका, एक मीटर उंचीवरून ५०० किलो खाली आणले तर सगळ्यात सगळी ऊर्जा सव्वा ते दीड वॅट-तास, त्यातलंही निम्मंशिम्मं वाटेतच जातं. उपयोग आहे तो ब्रेकचा. आणि त्यालाही दोन अटी. बॅटरी फुल असेल तर तिचं बीएमएस (बॅटरीला जपणारं सर्किट) येणारा करंट नाकारू शकतं आणि ऐन उतारावर ब्रेक गायब होतो. दुसरं म्हणजे हा ब्रेक वेगावर चालतो, वेग शून्याकडे गेला की पकडही शून्याकडे, त्यामुळे रॅम्पवर उभी केलेली गाडी मुंगीच्या पावलाने सरकत राहते. थोडक्यात उभी करायला हाताने लावायचा ब्रेक दोन्ही प्रकारात लागतोच, त्यात वाद नाही.

हातात असलेली मोटर कुठली हे उघडल्याशिवाय कळतं. चाक जमिनीवरून उचला, कंट्रोलरपासून वायर सुटी करा, हाताने फिरवा. बिनगिअरची दोन्हीकडे सारखीच, अडखळत अडखळत फिरते, चुंबकं एकेक पायरी पकडून सोडतायत असं बोटांना लागतं. क्लचवाली एका बाजूला एकदम मोकळी आणि दुसऱ्या बाजूला जड, आतून घर्र असा आवाज. मग कॉइल्सना करंट देणाऱ्या तीन जाड वायरींची, म्हणजे फेज वायरींची, टोकं एकमेकांना चिकटवून परत फिरवा. बिनगिअरची दोन्हीकडे घट्ट होते, मधात हात घातल्यासारखी. क्लचवाली एका बाजूला तरीही मोकळीच राहते. आणि गिअरचा आवाज आहे पण दोन्हीकडे घट्ट झाली, तर ती क्लच नसलेली किंवा क्लच लॉक केलेली गिअर मोटर. अशी मिळाली तर माझ्या मते हातगाडीला हीच घ्यावी, रिव्हर्सही येतो, उतारावर धरतेही, चढालाही कमी पडत नाही. फक्त उतारावरचा ब्रेकचा जोरही त्या नायलॉनच्या दातांवरच येतो, तेव्हा एकदम करकचून ब्रेक नको आणि कंट्रोलरमध्ये ब्रेकचा करंट कमी ठेवायचा.

ही मिळत नसेल आणि जमीन सगळी सपाट असेल, रॅम्प नाही, मागे घेताना हाताने ओढायची तयारी आहे, तर क्लचवाली चालेल. कुठेही उतार असेल तर मी क्लचवाली लावणार नाही, त्यापेक्षा कमी आरपीएमची, मोटरचा स्वतःचा व्यास मोठा असलेली बिनगिअरची घ्यावी आणि बाहेरचं चाक मात्र शक्य तितकं लहान ठेवावं, कारण चाक दुप्पट केलं की टॉर्कही दुप्पट लागतो.

कंट्रोलर दोन्हींना हॉल सेन्सरवाला (चुंबकं कुठे आहेत ते सांगणारा सेन्सर) बघा, पाच बारीक वायरींचा जोड असतो तो. सेन्सर नसलेल्या कंट्रोलरला चाक थांबलेलं असताना चुंबकं कुठे आहेत तेच कळत नाही, भरलेली गाडी नुसती थरथरते, हलत नाही. मोटरची चाकं गाडीच्या न वळणाऱ्या चाकांच्या जागी बसवा, वळणाऱ्या कॅस्टरच्या जागी नाही, आणि मालाचं बरंचसं वजन त्यांच्यावरच येईल असं बघा, नाहीतर चढावर चाक जागच्या जागी घसरत राहील.

आणि एक्सल. मोटर चाकाला जेवढा टॉर्क देते तेवढाच उलटा एक्सलवर येतो, आणि एक्सलला धरून ठेवायला असतात त्या दोन चपट्या बाजू फक्त. हातगाडीत तर पुढे-मागे, पुढे-मागे असा दोन्हीकडून तो झटका बसतो, नट हळूहळू ढिले होतात, एक्सल खाचेत फिरतो आणि त्याच्यातून बाहेर आलेली वायर पिळून तुटते, कधी शॉर्ट होऊन कंट्रोलरही घेऊन जाते. म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी टॉर्क आर्म (एक्सलला फिरू न देणारी पट्टी) लावा, पातळ पत्र्याच्या खाचेवर भागवू नका, आणि पहिल्यांदा भरून फिरवल्यावर पाना घेऊन नट परत आवळा.