पाण्यात उतरणारी बस : सिंगापूरच्या डक टूरला निघण्याआधी हे वाचा

आमच्या सिंगापूर ग्रुप टूरमध्ये एक तासाची ‘डक टूर’ असते. शहरातल्या रस्त्यांवरून चाकांवर फिरणारी गाडी थोड्या वेळाने उतारावरून थेट पाण्यात शिरते आणि बोट होऊन पुढे जाते. बुकिंगला येणारी मंडळी तिच्याबद्दल दोन गोष्टी हमखास विचारतात. तिथे बघायला काय मिळतं, आणि ती बुडत तर नाही ना? दुसरा प्रश्न विचारताना काही जण संकोचतात. संकोचू नका. आमच्या मते तोच प्रश्न आधी विचारायला हवा, म्हणून या पत्रकात त्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

गाडीतली कॉमेंटरी इंग्रजीत असते. इंजिनाचा आवाज बराच असतो, आणि गाइड बोलत असताना आमच्या टूर लीडरला मध्येच मराठीत समजावून सांगता येत नाही. त्यामुळे हे पत्रक नाशिकमध्येच, सामान बांधण्याच्या गडबडीआधी वाचून घ्या. आजी-आजोबा किंवा मुलं बरोबर येणार असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.

गाडी कशी आहे

दुसऱ्या महायुद्धात सैन्यापुढे एक मोठी अडचण होती. बंदर शत्रूच्या ताब्यात असेल तर जहाजावरचं सामान किनाऱ्यावर उतरवायचं कसं? १९४२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या सहाचाकी लष्करी ट्रकला पाणी आत न शिरणारा तळ आणि मागे प्रॉपेलर बसवून त्यावर उत्तर शोधलं गेलं. गाडीच्या कारखान्यातल्या सांकेतिक अक्षरांवरून सैनिक तिला ‘डक’ म्हणू लागले. अशा सुमारे २१ हजार गाड्या तयार झाल्या. १९४३ मध्ये सिसिलीत आणि ६ जून १९४४ नंतर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्यांनी दारूगोळा, अन्न आणि जखमी सैनिक वाहिले. रस्त्यावर ती ताशी ८० किलोमीटरपर्यंत पळायची, पाण्यात मात्र जेमतेम १०. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या गाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या, आणि १९४६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात त्यांतून पहिल्यांदा पर्यटक फिरू लागले.

सिंगापूरची ओळख झालेल्या गाड्या त्यानंतरच्या पिढीतल्या. अमेरिकी सैन्याने व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या, ॲल्युमिनियमच्या तळाच्या. दुबई, रॉटरडॅम, बुडापेस्ट इथे मात्र याच कामासाठी नव्याने बांधलेल्या बसगाड्या आहेत. आमच्या युरोप किंवा दुबई टूरला येणाऱ्यांनाही पुढचा बराचसा मजकूर उपयोगी पडेल.

आतली रचना समजून घेतली की निम्मी भीती जाते. इंजिन एकच असतं. रस्त्यावर त्याची ताकद चाकांना मिळते, पाण्यात उतरताना चालक तीच ताकद प्रॉपेलरला जोडतो. वळायला मागे सुकाणू असतं. तळात पाणी उपसणारे पंप बसवलेले असतात, कारण शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा फिरता दांडा, जिथून बाहेर येतो तिथून थोडं पाणी झिरपणं अपेक्षितच असतं. बाजूच्या पाइपातून पाणी बाहेर पडताना दिसलं तर घाबरू नका, पंप काम करतोय असा त्याचा अर्थ.

उतारावरून पाण्यात शिरताना गाडीचं नाक खाली जातं, दोन्ही बाजूंना पाणी उसळतं, पुढच्या रांगेतल्यांवर शिंतोडे येतात आणि दोन-तीन क्षणांत गाडी सपाट होऊन तरंगू लागते. त्यानंतर वेग एकदम कमी झाल्यासारखा वाटतो. बाहेर आल्यावर चालक मुद्दाम दोन-चारदा ब्रेक दाबतो, कारण ओले झालेले ब्रेक रस्त्याला लागण्याआधी वाळवायचे असतात. त्या हिसक्यांना काही बिघडलं समजू नका.

बुडण्याबद्दल

या गाड्यांचे अपघात झालेले आहेत आणि त्यांत माणसं गेली आहेत. हे तुमच्यापासून लपवून तिकीट विकणं आम्हाला पटत नाही.

१ मे १९९९ रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज इथल्या तलावात एक जुनी डक अगदी थोड्या वेळात बुडाली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. शाफ्टभोवतीचं रबरी आवरण नीट बसवलेलं नव्हतं, तिथून पाणी भरलं. पण माणसं जाण्याचं मोठं कारण वेगळंच होतं. वर ताडपत्रीचं छत होतं. गाडी खाली गेली आणि प्रवासी त्या छताखाली अडकले. अशी छतं काढून टाका, आणि पाणी भरलं तरी गाडी तरंगत राहील अशी सोय करा, अशी शिफारस चौकशी करणाऱ्यांनी तेव्हाच केली होती. ती सगळीकडे मानली गेली नाही. १९ जुलै २०१८ रोजी मिसुरी राज्यात ब्रॅन्सनजवळच्या तलावात ३१ जण असलेली डक वादळात सापडली आणि १७ जण गेले. वादळाचा इशारा त्याआधीच दिलेला होता, तरी गाडी पाण्यात उतरवली गेली. छतही होतं, बाजूचे पडदेही होते.

या दोन अपघातांनी आम्हाला जे शिकवलं त्यावरून आम्ही फेरी निवडतो. बाजू उघड्या आहेत का, पटकन बाहेर पडता येतं का, गाडीची तपासणी कोण आणि किती वेळाने करतं, आणि हवामान बिघडल्यावर फेरी थांबवण्याचा अधिकार चालकाला आहे का. हे प्रश्न आम्ही लेखी विचारतो. स्वस्त फेरी मिळतेय म्हणून ते सोडून देत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. जॅकेट माणसाला वर ढकलतं. वर बंद छत असेल तर तेच जॅकेट माणसाला छताला चिकटवून ठेवतं. म्हणून ‘जॅकेट आहेत ना, मग झालं’ असं आम्ही कधीच म्हणत नाही. जॅकेट आणि उघडी बाजू, दोन्ही हवं.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. पाण्यात उतरण्याआधी गाइड पाचेक मिनिटं सूचना देतो. त्या वेळी सगळे फोटो काढण्यात गुंतलेले असतात. तेवढी पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. जॅकेट कुठे आहे ते नुसतं ऐकू नका, हात लावून पाहा. मुलांचं जॅकेट मोठ्यांपेक्षा वेगळं असतं. ते तुमच्या सीटजवळ नसेल तर तिथल्या तिथे मागून घ्या, लाजू नका. तुमच्या सीटपासून बाहेर पडायची वाट कोणती ते बघून ठेवा. सीट बेल्ट असेल तर रस्त्यावर लावायचा, आणि पाण्यात शिरण्याआधी सांगतील तेव्हा काढायचा. मूल मांडीवर असलं तरी बेल्ट स्वतःभोवती आणि मुलाभोवती एकत्र बांधू नका. पाण्यावर असताना एका बाजूला गर्दी करून उभं राहू नका. दिसण्यासारखं दोन्ही बाजूंना आहे आणि परतताना बाजू बदलते.

आणि फेरी रद्द झाली तर? सिंगापुरात वर्षभर पाऊस आहे. एप्रिल ते नोव्हेंबर या काळात कधी कधी पहाटे आणि सकाळी ‘सुमात्रा’ नावाच्या वाऱ्यापावसाच्या सरी येतात, दुपारनंतर विजांचा कडकडाट होतो, तर नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत तिथला ईशान्य मोसमी पाऊस असतो. वीज चमकत असताना पाण्यावर जात नाहीत. अशा वेळी टूर लीडरने आग्रह धरून फेरी करून घ्यावी अशी अपेक्षा काही ग्राहक ठेवतात. आम्ही ते करणार नाही. चालक नाही म्हणाला की आम्ही त्याच्या बाजूने आहोत. आपण नाशिकची माणसं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय ते बघून घाटाकडे जायचं की नाही ते आपण ठरवतो. तिथल्या चालकालाही पाणी बघून ठरवू द्या. दुसरी वेळ मिळाली तर तीच घेऊ. नाही मिळाली तर त्या फेरीचे पैसे तुम्हाला परत मिळतील, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

पाण्यावरून काय दिसतं

फेरी सनटेक सिटीपासून सुटते. रस्त्यावरची वाट रहदारीप्रमाणे बदलते, पण पाण्याचा भाग मरिना बे परिसरातला असतो आणि खरी मजा तिथेच आहे.

आधी पाण्याकडेच बघा. हे समुद्राचं पाणी वाटतं, पण ते गोडं पाणी आहे. २००८ मध्ये इथे मरिना बॅरेज हा ३५० मीटर लांबीचा बंधारा झाला आणि खाडीचा समुद्राशी थेट संबंध तोडला गेला. पावसाने हळूहळू खारटपणा धुतला आणि खाडीचा जलाशय झाला. सिंगापूरच्या जवळपास एक षष्ठांश भूभागावरचं पावसाचं पाणी इथे जमतं आणि शुद्ध करून लोकांच्या नळाला जातं. बंधाऱ्याला ९ दरवाजे आहेत. जोराचा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असेल तर दरवाजे उघडून पाणी सोडतात. भरती असेल तर दरवाजे उघडून उपयोग नाही, समुद्रच आत येईल, म्हणून तेव्हा मोठ्या पंपांनी पाणी बाहेर फेकतात. दर पावसाळ्यात धरणाच्या विसर्गाचे आकडे वाचणाऱ्या नाशिककरांना हे पाहण्यासारखं वाटेल, असं आम्हाला मनापासून वाटतं. गाइड यावर दोन वाक्यं बोलून पुढे जातो. तुम्ही मात्र लक्षात ठेवा की आपण एका शहराच्या पिण्याच्या पाण्यावरून चाललो आहोत. चिवड्याचं रिकामं पाकीटसुद्धा हातातून उडू देऊ नका.

सिंहाचं डोकं आणि माशाचं शरीर असलेला पांढरा मर्लायन ८.६ मीटर उंच आणि ७० टन वजनाचा आहे. तो १९७२ मध्ये नदीच्या मुखाशी बसवला गेला. नंतर समोर पूल झाला आणि पाण्यावरून तो दिसेना, म्हणून २००२ मध्ये त्याला उचलून आताच्या जागी आणलं. जमिनीवरून त्याच्याबरोबर फोटो काढायला गर्दी असते. पाण्यावरून तो अगदी समोरून, तोंडातून पाणी पडताना दिसतो. त्याच्या मागची खांबांची भव्य इमारत म्हणजे फुलर्टन. १९२८ ची. तिथे पूर्वी मुख्य टपाल कार्यालय होतं, आता हॉटेल आहे. दुसऱ्या काठावर एस्प्लनेड नाट्यगृहाचे काटेरी घुमट दिसतील. स्थानिक लोक त्यांना ड्युरियन म्हणतात, तिथल्या एका काटेरी फळावरून. आपल्याकडचा फणस डोळ्यांसमोर आणा म्हणजे कळेल. तीन मनोऱ्यांवर जहाज ठेवल्यासारखी इमारत मरिना बे सँड्स, २०१० ची, आणि मोठा पाळणा सिंगापूर फ्लायर, १६५ मीटर उंच.

फेरी संपल्यावर आम्ही आणखी एका ठिकाणी चालत नेतो, आणि ते कार्यक्रमातून कधीच काढत नाही. जवळच पाडांग नावाचं मोठं मैदान आहे. ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी याच मैदानावर आझाद हिंद सेनेची मानवंदना स्वीकारली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. झाशीच्या राणीच्या नावाची महिलांची पलटणही सिंगापुरातच उभी राहिली. मैदानालगतच्या एस्प्लनेड पार्कमध्ये १९४५ मध्ये सेनेच्या अनाम वीरांचं स्मारक बांधलं होतं. इंग्रज परतल्यावर त्यांनी ते पाडलं. १९९५ पासून त्या जागी स्मृतिफलक आहे. उन्हात थोडं चालावं लागतं, पण मुलांना ते दाखवाच.

आपल्या गोदावरीवर का नाही?

हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये निघतो. देशात प्रयत्न झालेला आहे. पंजाबात हरिकेच्या पाणथळीत डिसेंबर २०१६ मध्ये अशी बस सुरू झाली, पण ती टिकली नाही. गाडी विकत आणणं त्यातल्या त्यात सोपं. अवघड आहे ती बाकीची व्यवस्था: पाण्यात उतरायला पक्का उतार, बाराही महिने पुरेशी खोली, चालकाला बस आणि बोट दोन्हींचं शिक्षण, नियमित तपासणी. रामकुंडापाशी नदी उथळ आहे आणि काठावर कायम भाविक. गंगापूर धरणाची पातळी पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत खूप खाली जाते, त्यामुळे एकाच जागी बांधलेला उतार वर्षभर पुरणार नाही. नौकाविहार करायचा तर गंगापूर धरणावर बोट क्लब आहे. तिथेही आधी जॅकेट, मग फोटो.

बुकिंग करताना आम्हाला सांगायच्या गोष्टी

गाडीचा तळ उंच असतो आणि चढायला शिडीसारख्या पायऱ्या असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, काठी लागत असेल, व्हीलचेअर असेल तर आधी सांगा. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी त्याच वेळात नदीतल्या सपाट बोटीची सोय होते, आणि कुटुंबातला एक जण त्यांच्याबरोबर थांबू शकतो. पाठीचं दुखणं किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. उतारावरचा झटका आणि ब्रेकचे हिसके टाळता येत नाहीत. बस लागत असेल तर मधल्या रांगेतली सीट मागा आणि जेवल्याबरोबर फेरीला येऊ नका.

साडी नेसणाऱ्या काकू-मावशींनी त्या दिवशी शक्यतो पंजाबी ड्रेस घालावा, पायऱ्यांवर सोपं जातं. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, डोक्याला बसणारी टोपी. पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्येच राहू द्या.

मुलांचं वय आणि वजन दोन्ही फॉर्मवर लिहा. जॅकेटचं माप वजनावर ठरतं, आणि ते आम्ही आधी कळवलं तरच योग्य मापाचं जॅकेट सीटपाशी तयार मिळतं.