दहा टक्क्यांची रेघ: वास मोजण्याची पार्श्वभूमी

जून २०२० मध्ये केंद्राच्या कोविड लक्षणांच्या यादीत वास आणि चव जाणं दाखल झालं आणि गोव्यात घरोघरी खोबरेलाची बाटली नाकाशी गेली. उत्तर 'येतो' किंवा 'येत नाही' एवढंच. 'किती येतो' हा प्रश्न मात्र शंभरेक वर्षांहून जुना आहे.

१८८८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका शरीरशास्त्रज्ञाने काचेच्या नळीवर वासाच्या पदार्थाची दुसरी नळी बसवली. ती जितकी पुढे सरकवावी तितका तिचा आतला भाग उघडा पडे आणि नाकात वास जास्त जाई. उपकरण नामी होतं, पण पुढची कित्येक दशकं डॉक्टरांच्या टेबलावर कॉफी आणि लवंगेच्या कुप्याच राहिल्या. सोबत अमोनिया असे, तो ढोंग पकडायला: तो चेहऱ्याच्या नसेला झोंबतो, त्यामुळे वास गेलेला माणूसही दचकतो. न दचकणाऱ्यावर संशय.

खरं वळण १९८४ चं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून खरवडून हुंगायच्या पुस्तिका निघाल्या. ४० वास, प्रत्येकासमोर चार पर्याय, एक निवडायचाच. नुसते अंदाज मारले तरी दहाच्या आसपास गुण पडतात. त्यामुळे ज्याला दोन-तीनच पडतात त्याला वास येत असावा आणि तो मुद्दाम चुकत असावा, असं धरतात.

अडचण वासांच्या यादीत होती. सत्तरीतल्या आमच्या मामाला मी ही पुस्तिका दिली होती. लवंग आणि नारळ त्याने झटक्यात सांगितले. रूट बिअर या अमेरिकी पेयाच्या पट्टीवर थबकला, पुन्हा हुंगली आणि म्हणाला, "अरे, हे तर कंबरेला चोळायचं मलम!" चूक नव्हती, त्या पेयाचा वास खरोखरच तसा असतो. पर्यायांत मलम नव्हतं, गुण गेला. हाच मामा एप्रिलमध्ये फेणीच्या भट्टीवर मडक्यावर वाकून काजूचा रस किती आंबलाय ते सांगतो. १९९० च्या दशकात बहुतेक देशांत ओळखीच्या ठरतील अशा १२ वासांची छोटी आवृत्ती आली, म्हणजे ही तक्रार तिथेही पोचली होती.

१९९७ मध्ये जर्मनीत शाईऐवजी वास भरलेली पेनं आली. वास किती विरळ असताना कळतो, दोन वासांतला फरक कळतो का आणि नाव सांगता येतं का, अशा तीन भागांचे मिळून ४८ गुण. इथेच 'नॉर्मल' या शब्दाचा घोळ झाला. २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक लोकांच्या गुणांवरून ठरलं की १६ ते ३५ वयोगटातले तळाचे दहा टक्के जिथे संपतात, तिथे रेघ. त्याखाली वास 'कमी'. २०१९ मध्ये नऊ हजारांहून अधिक लोक घेतले, रेघ ३०.७५ वर गेली, तरुणांतल्या तळाच्या दहा टक्क्यांचा नियम तोच. म्हणजे धडधाकट तरुणांतला दर दहावा व्याख्येनेच नापास! तरुणच का, याला उत्तर आहे. १९८४ च्याच पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्या लोकांची गंधशक्ती बरीच उणावलेली आढळली होती. त्यांनाच माप मानलं तर ती उणीव 'नॉर्मल' ठरते. युक्तिवाद पटतो. वयानुसार तक्तेही दिले गेले आहेत. पण सत्तरीतल्या आजीच्या रिपोर्टवर पंचविशीच्या पोराचा आकडा छापला की तिला आजारी ठरवायला फार वेळ लागत नाही, हे मला खटकतं.

बेरजेत आणखी एक गोष्ट बुडते. अँड्रोस्टेनोन हा घामातला रेणू काहींना मुतासारखा, काहींना चंदनासारखा वाटतो, काहींना त्याचा वासच येत नाही. १९८६ मध्ये एका अमेरिकी मासिकाने वाचकांना सहा वासांच्या पट्ट्या पाठवल्या, त्यात तो होता. उत्तरं दहा लाखांहून जास्त आली. २००७ मध्ये या फरकाचा एक धागा एका जनुकाशी जुळला. कुणाचं नाक अधू आहे आणि कुणाचं निराळं, हे ४८ पैकी गुण सांगत नाहीत.

आपल्या वासांची पेनं करायची म्हटलं तर तिरफळ, सोलं, खारा बांगडा, सुरंगी ही नावं लगेच सुचतात. मामाला सगळी येतील. पणजीच्या फ्लॅटमध्ये वाढलेला त्याचा नातू तिरफळालाच अडेल.