क्लिअर कोटची चमक जाणे वेगळे, पोपडे सुटणे वेगळे

बॉनेटवर पांढुरका चट्टा दिसला की गाडीमालक कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) घासायला घेतो आणि पेंटर 'वरून क्लिअर मारून देतो' म्हणतो. हे दोन्ही उपाय पोपडे सुटलेल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, निरुपयोगी आहेत, आणि तरीही वर्षानुवर्षे तेच सुचवले जातात.

चमक जाण्याबद्दल फार सांगायला नको. उन्हाने थराचा वरचा पापुद्रा मंद होतो, पण थर खालच्या रंगाला धरून असतो. म्हणून तिथे कंपाउंड आणि पॉलिश चालते. मूळ थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, एवढे भान ठेवून घासावे. पोपडे सुटतात तेव्हा मात्र अतिनील किरणांमुळे क्लिअर आणि रंग यांच्यामधली पकडच गेलेली असते आणि पॉलिशने गेलेली पकड परत येत नाही. टप, बॉनेट आणि डिकी यांवर ऊन थेट पडत असल्याने तिथेच हे आधी दिसते. शंका असल्यास चट्ट्यावर पाणी ओतून पाहावे: नुसती चमक गेली असेल तर ओल्यात पत्रा एकसारखा तुकतुकीत दिसतो, पोपडे असतील तर नकाशासारखा काठ तसाच राहतो आणि नखाला अडतो.

खरी गफलत या काठापाशीच होते, कारण डोळ्यांना दिसणारा काठ हा नुकसानीचा शेवट नसतो. त्याच्या पलीकडचा क्लिअर चकचकीत दिसत असला तरी आतून सुटलेला असू शकतो. 320 नंबरचा पेपर ठोकळ्यावर गुंडाळून काठावर घासायला लागलात की नव्या कपच्या उडतात आणि काठ मागे सरकतो. तो सरकायचा थांबेपर्यंत घासणे, हीच दुरुस्ती आहे. त्यानंतर घट्ट उरलेल्या काठाची पायरी इतकी उतरती करावी की डोळे मिटून बोट फिरवले तरी ती लागू नये, आणि मग 600 नंबरच्या वॉटर पेपरने पृष्ठभाग एकसारखा करावा. पायरी राहिली, तर ती नव्या रंगाखालूनही उमटते.

उघडा पडलेला जुना रंग भुकटीसारखा झालेला असतो, त्यामुळे तोही घासावाच लागतो. मेटॅलिक रंग घासून त्यावर सरळ क्लिअर मारला तर ढगाळ चट्टे दिसतात, म्हणून आधी नवा रंग हवाच. प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) किंवा पत्रा उघडा पडला असेल तिथे त्याआधी प्रायमर सरफेसर, म्हणजे बारीक खाचा भरून घेणारा प्रायमर, द्यावा. शेवटचा क्लिअर मी संपूर्ण पॅनलवर, कडेपासून कडेपर्यंतच मारायला सांगेन. मधेच विरवलेली त्याची कड फार पातळ असते आणि उन्हात पुढे तीच आधी सुटते. हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासावाटे घातक ठरणारे रसायन असते, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून ते काम कोणीही करू नये.

गाडी पेंटरच्या ताब्यात देण्यापूर्वी मी दराआधी एकच विचारतो: काठ कुठवर घासणार? उत्तरादाखल त्याने चट्ट्याभोवती बोटाने गोल काढून दाखवला, तर मी गाडी तिथे ठेवत नाही.