मंगळ चंद्राएवढा दिसणार नाही

"२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा मेसेज जळगाव-धुळ्याकडे अजून फिरतो. पोरं गच्चीवर जागतात, हिरमुसून झोपतात. मला फार वाईट वाटतं. मूळ गोष्ट २००३ची. मंगळ तेव्हा सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतला मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा, असं ते वाक्य होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बीणच गळाली! त्या रात्रीही मंगळ जेमतेम २५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) रुंद दिसत होता, चंद्र सुमारे १८००.

दोघं खरोखर शेजारी येतात तेव्हा फैजपूरच्या मळ्यातूनही फोटो निघतो. छोट्या दुर्बिणीला मोबाइल लावा, एक्स्पोजर चंद्राच्या उजेडाला बेताचं ठेवा. विवरं उमटतील, बाजूला केशरी ठिपका.