पार्श्वभूमी : निजामी राजवटीतल्या साध्या माणसांची कादंबरी

हैदराबादच्या निजामांची, म्हणजे आसफजाही, राजवट दोनशे वर्षांहून अधिक टिकली, पण या विषयावरची कादंबरी बहुधा शेवटच्या दहा वर्षांतच घडते. १९३८ चा सत्याग्रह, ‘वंदे मातरम्’ चळवळ, सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीच्या बँकेची लूट. हे सगळं लढणाऱ्यांच्या आठवणींतून आलं आहे. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीने घालायची, ज्वारी मोजून देत घर सांभाळणारा माणूस त्यात कडेला राहतो.

त्याचं जग उभं करताना चुका होतात त्या व्यवहारात. बाजारात हाली सिक्का चाले, इंग्रजी हद्दीतला रुपया म्हणजे कलदार; ७ हाली म्हणजे ६ कलदार. त्यामुळे लातूरचा अडत्या इंग्रजी हद्दीतल्या बार्शीच्या पेढीशी बोलताना रक्कम कोणत्या नाण्यात ते आधी सांगणार. मधे करोडगिरीचं नाकं, मालावर शेकडा ५ जकात. सरकारी कागद उर्दूत, तारखा फसली, म्हणजे राज्याच्या महसुली सनाच्या. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्यात लागे, म्हणून इसवी सन काढताना फसली सनात डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवायचे. सरसकट ५९० धरले की उन्हाळ्यातला प्रसंग वर्षभर मागे जातो. आणि मराठवाड्यात जिल्हे पाचच: लातूर तेव्हा उस्मानाबादेत, जालना औरंगाबादेत, हिंगोली परभणीत.

खरा वाद आहे तो कादंबरी कुठे संपवायची याचा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ ला निजामाची शरणागती झाली, आणि बहुतेक लेखक तिथे झेंडा लावून थांबतात. रझाकारांच्या, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या, जाचातून सुटलेल्या गावाला तो दिवस सोन्याचाच होता, त्यात शंका नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत अनेक गावांत सूड उगवला गेला. ज्यांनी कधी हत्यार धरलं नव्हतं असे मुसलमान शेतकरी, विणकर, शिपाईगडी मारले गेले, घरं लुटली गेली. केंद्राने पाठवलेल्या समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजार धरला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. हे लिहिलं तर मुक्तिसंग्राम उणा होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. रझाकारांच्या भीतीने रानात लपलेली बाई आणि महिन्याभराने त्याच रानात लपलेली तिची शेजारीण, दोघी एकाच कादंबरीत मावतात. मावायलाच हव्यात.

शिवाय साध्या माणसाची राजवट एका दिवसात बदलत नाही. जहागिरी १९४९ मध्ये गेल्या, तरी जहागीरदाराचा माणूस वाड्यावर होताच. हाली पुढची काही वर्षं कनवटीला राहिला. १९५० चा कूळ कायदा आल्यावर कुळाला पहिली धास्ती होती ती पटवाऱ्याने दप्तरात वहिवाट कोणाच्या नावे लिहिली आहे याची, आणि ते दप्तर बरेचदा मालकाच्याच ओसरीवर असे.