बंधुता फ्रान्सची की बुद्धाची?

२३ सप्टेंबर, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी वडोदऱ्यात अस्पृश्यता संपवण्याचा केलेला संकल्प आठवण्याचा संकल्प दिन, जवळ आला की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी गटांवर एक जुनं वाक्य पुन्हा फिरू लागतं: ‘बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली, धर्माशी त्यांना देणंघेणं नव्हतं.’

हे साफ चुकीचं आहे. ही घोषणा फ्रान्समध्ये गाजली, एवढं खरं. पण ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्वतःच सांगितलं, की आपलं तत्त्वज्ञान फ्रेंच क्रांतीकडून उसनं घेतलेलं नाही. त्याची मुळं राज्यशास्त्रात नसून धर्मात, बुद्धाच्या शिकवणीत आहेत.

त्यातही बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं. का, ते आपल्याच गावात दिसतं. १९१७ साली ते इथे नोकरीला आले, तीही खुद्द सयाजीराव महाराजांच्या दरबारी. तरी भाड्याने घर मिळेना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मग कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. महाराजांचा पाठिंबा असूनही शेजार मिळाला नाही! आजही आडनाव ऐकून घर नाकारलं जातं, तेव्हा मला हेच आठवतं.

२५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेतही त्यांनी बजावलं होतं, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या थरापलीकडे खोल जाणार नाहीत.