साहित्यप्रकाराची निवड, वाचक-मंडळातील

वाचक-मंडळाने पुढच्या महिन्यात कोणते पुस्तक वाचायचे, हे ठरवण्याआधी ते कोणत्या प्रकारातले असावे (कादंबरी, कथासंग्रह, नाटक, आत्मकथन, प्रवासवर्णन इ.) हे मुक्रर करण्याची रीत. ‘वाङ्मयप्रकार’ ही संज्ञा विद्यापीठीय अभ्यासक्रमांत रूढ आहे. मंडळांतून ‘या खेपेला कसलं घ्यायचं?’ एवढ्यावर काम भागते. येथील विवेचन कोल्हापुरापुरते आहे.

पूर्वपीठिका : कोल्हापुरातील सार्वजनिक वाचनाची परंपरा सामान्यतः करवीर नगर वाचन मंदिरापासून मोजतात. ही संस्था १८५० साली ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून सुरू झाली. संस्थानाचा १९४५चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा भारतातील अशा कायद्यांत आद्य मानला जातो. महाराष्ट्र राज्याचा कायदा त्यानंतर १९६७चा. घरोघरी भरणाऱ्या मासिक बैठकी अशा कायद्यांच्या कक्षेबाहेरच्या. त्यांचे दफ्तर म्हणजे एक दोनशेपानी वही.

सीमेचा प्रश्न : निवडीत सर्वाधिक वेळ जातो तो कादंबरी आणि आत्मचरित्र यांच्या हद्दीवर. कागलच्या आनंद यादवांचे ‘झोंबी’ (१९८७, साहित्य अकादमी पुरस्कार १९९०) हे घरचेच उदाहरण. ‘आत्मचरित्रात्मक कादंबरी’ असे त्याचे वर्णन करण्याचा प्रघात आहे, पण त्याने तंटा मिटत नाही. ग्रंथालयांत पुस्तके लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३, चरित्रांचा गट ९२०. म्हणजे एकच पुस्तक दोन कपाटांवर हक्क सांगू शकते.

हा वाद आजचा नव्हे. घडलेल्या गोष्टीवर आधारलेली (‘उपलब्धार्था’) ती आख्यायिका आणि कल्पनेने रचलेली (‘प्रबन्धकल्पना’) ती कथा, असा भेद अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात दिला आहे. भामह या संस्कृत काव्यशास्त्रकाराने आपल्या काव्यालंकार या ग्रंथात आणखी एक खूण सांगितली : आख्यायिकेत नायक आपली हकीकत आपणच सांगतो, कथेत ती इतर सांगतात. दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराला ही खूण मान्य नाही. सांगणारा कोण यावरून जात बदलत नाही, एकाच जातीला ही दोन नावे पडली आहेत, असे तो काव्यादर्शात म्हणतो. दोघांत आधीचा कोण, याविषयी मतभेद आहेत; दोघेही स्थूलमानाने सातव्या शतकाच्या आसपासचे मानले जातात. दंडीचे लिहिणे कुणाला तरी उत्तर दिल्यासारखे वाटते, त्यामुळे भामह आधीचा, हे मत अधिक पटते. हर्षवर्धनाच्या (६०६–६४७) पदरी असलेल्या बाणभट्टाने ‘हर्षचरित’ ही आख्यायिका आणि ‘कादंबरी’ ही कथा लिहिली. पुढे या दुसरीच्या नायिकेचे नाव मराठीत आणि शेजारच्या कन्नडमध्येही सबंध प्रकाराचे नाव होऊन बसले.

मराठीतील पहिली कादंबरी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) की ‘मुक्तामाला’ (१८६१), हाही प्रश्न याच जातीचा. पहिल्या पुस्तकाचा उद्देश विधवांची दुःस्थिती मांडण्याचा असल्याने काही जण त्याला प्रचारग्रंथ ठरवून बाजूला सारतात. लेखनामागच्या हेतूवरून प्रकार ठरवू लागल्यास मराठीतील बरीच कपाटे रिकामी करावी लागतील.

मंडळाच्या दृष्टीने या काथ्याकुटाला व्यवहारी अर्थ आहे. पुस्तक आत्मचरित्र म्हणून घेतले की बैठकीत ‘हे खरंच असं घडलं का?’ हा प्रश्न चालतो. कादंबरी म्हणून घेतले की तोच प्रश्न अडाणीपणाचा ठरतो. दलित आत्मकथनांच्या बाबतीत ‘आत्मकथन’ की ‘स्वकथन’ यावरून जाणकारांत चर्चा होते, मंडळांत क्वचितच.

स्थानिक कल : कोल्हापूर जिल्ह्यात कादंबरीचे पारडे जड राहते आणि त्यातही पौराणिक-ऐतिहासिकाचे. कारणे जवळची आहेत. ‘स्वामी’कार (१९६२) रणजित देसाई कोवाडचे, ‘मृत्युंजय’कार (१९६७) शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘ययाती’साठी ज्ञानपीठ (१९७४) मिळवणारे वि. स. खांडेकर १९३८पासून कोल्हापुरात राहिले. ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ या दोन्हींत पात्रे आपापली कहाणी स्वतः सांगतात. भामहाच्या खुणेप्रमाणे त्या आख्यायिका होतील, अमरकोशाप्रमाणे कथा. दंडीचे ऐकावे हे बरे.

कार्यपद्धती : पाळी, हात वर करणे किंवा चिठ्ठी, यांपैकी एक. फेब्रुवारीत २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनामुळे कवितेला आणि ऑक्टोबरात १५ तारखेच्या वाचन प्रेरणा दिनामुळे विज्ञानविषयक पुस्तकांना वाव मिळतो. गणपती-दिवाळीच्या महिन्यांत ‘पातळ काहीतरी घ्या की’ हाच निकष. नाटक निवडल्यास ते वाटून घेऊन मोठ्याने वाचतात, त्यामुळे दोन प्रती पुरतात. सहाशे पानी कादंबरीला त्या पुरत नाहीत आणि महिना संपायच्या सुमारास फोनाफोनी सुरू होते. ‘ललित’ या चिठ्ठीत काय काय मावते, यावर एकमत होत नाही.

चिठ्ठ्या बहुधा स्टीलच्या लहान डब्यात, वहीच्या पानाच्या चार घड्या घालून ठेवतात. एकदा निघालेली चिठ्ठी वर्ष संपेपर्यंत परत टाकायची नाही, असा नियम असतो. ‘कादंबरी’ची मात्र टाकतात.